नावाचे ओझे

व्यापारात नाव हेच खरे भांडवल, असे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. बँकेच्या सेवेत असताना मीही पत पाहूनच कर्जाची शिफारस करीत असे. परंतु ज्याच्या नावावर सारे घर उभे असते, त्याच्या मनावरील भाराची नोंद कोणत्याही ताळेबंदात नसते.

अमेरिकेतील रॉक संगीतकार ब्रायन विल्सन यांची कथा म्हणूनच मला आपल्या घरांतली वाटते. १९६१ मध्ये दोन भाऊ, आतेभाऊ आणि एक मित्र यांच्यासह त्यांनी ‘बीच बॉइज’ हा वाद्यवृंद उभारला. व्यवस्थापक वडीलच, म्हणजे घरचीच पेढी! गीतरचना, ध्वनिमुद्रण, दौरे हा सारा भार एका तरुणावर. डिसेंबर १९६४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, विमानप्रवासातच त्यांचा धीर सुटला. त्यांनी दौरे थांबवले आणि १९६६ मध्ये ‘पेट साउंड्स’ हा अजोड गीतसंग्रह दिला. पुढे आजार बळावला. १९६९ मध्ये वडिलांनी त्यांच्या गीतांचे हक्क सात लाख डॉलरला विकले. नंतर एका उपचारकाने त्यांच्या आयुष्याचाच ताबा घेतला. १९९२ मध्ये न्यायालयाने त्याला दूर केले. तरीही २००४ मध्ये विल्सन यांनी १९६७ साली अर्धवट सोडलेली ‘स्माइल’ ही कलाकृती पूर्ण केली. २०२५ मध्ये, ८२व्या वर्षी ते निवर्तले.

आपल्या मुंबईतील अभिनेत्री परवीन बाबी यांना असा आधार लाभला नाही. १९७६ मध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकलेल्या या तारकेने १९८३ मध्ये एकाएकी चित्रसृष्टी सोडली. त्यांच्या आजाराची चर्चा सर्वत्र झाली. सोबत मात्र कोणी उरले नाही. जानेवारी २००५ मध्ये जुहूच्या घराच्या दाराशी दूध आणि वर्तमानपत्रे पडून राहिली, तेव्हा त्यांचा मृत्यू उघडकीस आला.

उदगीरच्या मोंढ्यात कीर्तीचा झगमगाट नाही. पण पिढीजात पेढीच्या नावाचे दडपण आहे. गादीवरचा मुलगा अबोल झाला, त्याची झोप उडाली, की आपण ‘नजर लागली’ म्हणतो आणि सोयरिकीच्या धास्तीने गोष्ट झाकून ठेवतो. मधुमेहाची गोळी चारचौघांत घेतो, मनाची मात्र लपवून.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा देणे कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. आपली पॉलिसी एकदा त्या दृष्टीने वाचावी. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे. उपचारासाठी लातूरही दूर नाही.

पेढी काही महिने भाऊ किंवा मुनीम सांभाळू शकतो. मुलाला तेवढी उसंत देण्याचा अधिकार मात्र घरातील वडीलधाऱ्यांचाच आहे. त्यांनी तो वेळीच वापरावा.