पाणी, पंगत आणि सोयरीक

परभणी

प्रिय भाच्यास,


तुझ्या पत्रातला प्रश्न सरळ आहे. ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेनं त्याच्या रोजच्या वागण्यात शेजाऱ्याला दिसेल असा फरक पडतो का? रविवारची उपासना, नाताळची रोषणाई आणि मुलांची नावं सोडली तर ख्रिस्ती घरात नि शेजारच्या घरात काही वेगळं दिसत नाही, असं तुझं म्हणणं. आपल्या परभणी जिल्ह्यात हा प्रश्न टाळून चालणार नाही. इथं आपण ख्रिस्ती इतके थोडे आहोत, की एका ख्रिस्ती माणसाच्या वागण्यावरून लोक ख्रिस्ताचीच पारख करतात. शिवाय जिल्ह्यातलं गंगाखेड ही संत जनाबाईची जन्मभूमी. दळता-कांडताना देव सोबतीला असतो असं पिढ्यान्‌पिढ्या मानणाऱ्या माणसांत आपण राहतो. श्रद्धेची परीक्षा देवळापेक्षा जात्यापाशी घ्यायची, ही इथल्या मातीतली रीत आहे. तीच कसोटी आपल्याला लावली तर तक्रारीला जागा नाही. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा रोखही तोच आहे.

माझं उत्तर असं, की फरक पडतो आणि दिसतोही, पण विश्वासणाऱ्याला पदरचं काही सोडावं लागलं असेल तिथंच. आपल्या भागात सोडायची सगळ्यांत अवघड गोष्ट दारू नव्हे, शिवीगाळही नव्हे. ती जात आहे. म्हणून पुरावा शोधायचा तर कुणाच्या हातचं पाणी प्यालं आणि कुणाच्या पंगतीला बसलं, इथंच शोधायला हवा. परभणीहून मनमाडच्या गाडीत बसलं, की सेलू, परतूर ओलांडून जालना येतं. ब्राह्मण घरात जन्मलेल्या नारायण शेषाद्रींनी 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे याच जालन्याजवळ, निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर, बेथेल नावाचं गाव वसवलं. ते वसवलं मुख्यतः मांग समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी. ज्या काळात मांगाची सावलीही विटाळ मानली जाई, त्या काळात एका ब्राह्मणानं त्यांच्यासाठी घरं, शेती आणि शाळा उभी करण्यात आयुष्य घातलं. असा फरक पाहायला शेजाऱ्याला धर्मशास्त्र कळावं लागत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण मला याहून मोलाचं वाटतं, कारण ते स्वयंपाकघरातलं आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या, तरी त्यांचं सोवळं सुटलं नव्हतं. त्यांची चूल वेगळी आणि पाणीही वेगळं. ते सोवळं कसं गळून पडलं, याचा वृत्तान्त त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत आहे, आणि तो प्रत्येक ख्रिस्ती घरानं वाचावा असा आहे. एवढी मोठी उलथापालथ कुठं झाली? पाण्याच्या तांब्यापाशी. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण आतला पालट त्याआधीच सुरू झालेला होता, आणि तो घरात वावरणाऱ्या कुणालाही दिसू शकत होता. टिळकांनीही 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ नावाचा भक्तमेळा मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा दिली. पगार सोडणं हीही एक साक्षच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ही मोठी माणसं. बाकीचे दुष्काळात भाकरीसाठी ख्रिस्ती झाले. दुष्काळात पुष्कळ लोक मिशनच्या आसऱ्याला आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण माणूस दारात कशासाठी आला, यापेक्षा आत आल्यावर त्याचं काय झालं हे पाहावं. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली केडगावला आणल्या. त्या केवळ खाऊन-पिऊन जगल्या नाहीत. रमाबाईंच्या तिथल्या मुक्ती सदनात त्या शिकल्या, शेती आणि विणकाम करू लागल्या आणि छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच छापखान्यातून निघालं. भुकेनं आलेल्या मुलीचे हात ग्रंथ छापू लागले, तर त्याला भाकरीचा सौदा कसं म्हणायचं?

दुसरा आक्षेप असा, की इतकं तर इतरांनीही केलं. खरंच केलं. सावित्रीबाई फुले 1897 साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. गाडगेबाबांनी आयुष्यभर गावं झाडली. चांगुलपणाचा मक्ता आपल्याकडे आहे असा दावा मी करत नाही, आणि मंडळीत कुणी करत असेल तर त्याला अडवावं. ख्रिस्तावरच्या विश्वासानं या माणसात पालट झाला का, इतकाच प्रश्न आहे. दुसऱ्याचा पालट दुसऱ्या वाटेनं झाला म्हणून याचा खोटा ठरत नाही.

तिसरा आक्षेप मात्र जड आहे, आणि तो बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. धर्मांतरित ख्रिश्चनाच्या स्थितीवरचं त्यांचं लेखन त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्याच इंग्रजी लेखनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आलं. त्यांचा आरोप असा, की अस्पृश्य ख्रिस्ती झाला तरी त्याची जात सुटत नाही, जुन्या रूढी राहतात, आणि आपल्या दुःखाचं मूळ पापात आहे असं शिकवल्यामुळे तो अन्यायाविरुद्ध उभाही राहत नाही. यातला मोठा भाग मला मान्य करावा लागतो. दक्षिणेत काही चर्चमध्ये बसायच्या जागा आणि कबरस्तानंसुद्धा जातीनुसार वेगळी राहिली. आपल्याकडे पंगत एक झाली, प्रभुभोजनाचा पेला एक झाला, पण सोयरिकीची वेळ आली की ‘मूळचे कोण?’ ही चौकशी होतेच. बाहेरच्या माणसानं आपल्याला जातीनं हिणवलं तर तो त्याचा दोष. आपला विश्वास त्याचं मन बदलू शकत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित ख्रिश्चनाला अनुसूचित जातीत स्थान नाही, त्याविरुद्धची मागणी म्हणूनच मला रास्त वाटते. पण आपल्याच मुलाचं लग्न जातीत जुळवताना दुसरा कुणी आड येत नाही. तिथं दोष आपला. बाबासाहेबांनी ख्रिस्ताला नव्हे, मंडळीला नापास केलं, असं मी समजतो. आणि त्या विषयात आपण अजून नापासच आहोत.

म्हणून तुझ्या प्रश्नाला मी नुसतं ‘हो’ म्हणत नाही. ज्यांनी पाणी आणि पंगत जातीतून सोडवली, त्यांची श्रद्धा दिसली. सोयरीक आपण राखून ठेवली आहे, तेव्हा त्या जागी आपली श्रद्धा दिसत नाही, हे शेजाऱ्यांचं निरीक्षण बरोबर आहे. तुझ्या मंडळीच्या तरुण संघात हा विषय तू काढ. लग्नसराईच्या आत काढ, पाळकांना समोर बसवून काढ. विरोध होईल तो ऐकून घे, आणि काय ठरलं ते मला कळव.

तुझा,
मामा