पिसायची पाळी

आवणी उरकली की आटगावात संध्याकाळ लांबते. बांधावर चक्कर मारून आलं की पाऊस घराबाहेर पडू देत नाही. मग ओसरीवर सतरंजी पडते आणि पत्त्यांचा कॅट बाहेर येतो. एरवी मेंढीकोट, शनिवारी भाचा ठाण्याहून आला की पोकर. डावाला पैसे नाहीत, चिंचोके. एक वाटी प्रत्येकाला.

०

बाबांनी तीस वर्षं कसारा लोकल केली. जायला दोन तास, यायला दोन तास. चौघांच्या गुडघ्यांवर एक ब्रीफकेस आडवी आणि तिच्यावर मेंढीकोट. हलत्या गाडीत ते एका हातात अर्धा कॅट धरून दुसऱ्या हातानं असा पिसायचे, की पान खाली पडलेलं मी कधी पाहिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला. पानं धरायला मी लाकडी पट्टीला खाच पाडून दिली. तीत तेरा पानं उभी राहतात, डाव्या हातानं खेळता येतं. पिसता मात्र येत नाही.

०

आमच्याकडे नियम असा, की हरलेल्या बाजूनं पिसायचं. बाबांवर पाळी आली की कुणीतरी पटकन हात पुढे करायचं, "असू द्या, मी पिसतो." सगळे मायेनंच करत. बाबा कॅट सोडून द्यायचे आणि तेवढा वेळ पावसाकडे बघत बसायचे. खेळात बसलेल्या माणसाची पाळी दुसऱ्यानं घेतली, की तो थोडा थोडा खेळाबाहेर जातो. हे माझ्या लक्षात यायला फार दिवस लागले.

०

कल्याणला एका भंगारवाल्याकडे पत्ते पिसायचं यंत्र दिसलं. काळं प्लास्टिक, दोन्ही बाजूंना एकेक कप्पा, मधे खण. कॅट दोन भागांत करून कप्प्यांत ठेवायचा आणि पट्टी दाबायची. कप्प्याच्या तळाशी रबरी रोलर असतो. तो सगळ्यात खालचं पान आत ढकलतो. दोन्हीकडची पानं मधल्या खणात एकमेकांत मिसळून पडतात. चालायला चार पेन्सिल सेल, म्हणजे सहा व्होल्ट. भंगारवाला म्हणाला, "चालत नाही, शोपीस म्हणून न्या." दीडशे रुपयांत आणलं.

०

सेलचं झाकण उघडलं तर स्प्रिंगांवर पांढरी-हिरवी बुरशी चढल्यासारखं. सेल आत ठेवून कुणीतरी विसरलं होतं. अल्कलाइन सेलमधून पाझरतो तो क्षार, म्हणून त्यावर आंबट चालतं. कापसाच्या बोळ्यानं लिंबाचा रस लावला, फेस आला, पुसून वाळवलं, मग पॉलिश पेपरनं स्प्रिंगा उजळेपर्यंत घासल्या. एक वायर डागातून सुटली होती, तिला नवा डाग दिला. मोटर फिरली. बाबा आतून म्हणाले, "गिरणी सुरू झाली वाटतं."

०

फिरणं वेगळं आणि पिसणं वेगळं. तपासायला कॅट ओळीनं लावला. डाव्या कप्प्यात इस्पिक आणि बदाम, उजव्यात किलवर आणि चौकट. एकदा चालवलं आणि खणातली पानं वहीत उतरवली. इस्पिकची सात पानं सलग! उजवा रोलर फिरत होता, पण पान ओढत नव्हता. त्याच्या रबराला काचेसारखी झिलई आली होती. शहापूरला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात पॅनल धुवायचं आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मिळतं, त्यानं रोलर पुसला आणि बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवला. पुढच्या खेपेला सलग पानं तीनांवर आली.

०

मेंढीकोटात नीट न पिसण्याचा फटका मोठा. खेळून झालेला हात म्हणजे बहुधा एकाच रंगाची चार पानं, आणि ती तशीच एकावर एक गोळा होतात. आम्ही वाटतो आधी पाच, मग चार-चार. कच्चा पिसलेला कॅट असा वाटला, तर मागच्या डावातला अख्खा हात एकाच्याच पदरात पडतो. मग मेंढ्या, म्हणजे दहाची पानं, कुणाकडे जातील ते मागच्या डावावर ठरतं. लोकलमधली मंडळी "पिस रे, नीट पिस" म्हणून ओरडायची, ती याचसाठी.

०

किती वेळा पिसायचं? पर्सी डायकोनिस हा तरुणपणी जादूगार असलेला अमेरिकन गणिती. त्यानं डेव्ह बेयरबरोबर १९९२ साली याचं गणित मांडलं: दोन भाग करून एकमेकांत घुसवायचे, असं साधारण सात वेळा.

का, ते वहीतच दिसलं. एका फेरीनंतर मूळ क्रमाच्या दोन साखळ्या एकमेकींत विणलेल्या असतात. दुसऱ्या फेरीनंतर जास्तीत जास्त चार, मग आठ, सोळा, बत्तीस. पानं बावन्न. कॅट बरोबर उलटा लागायचा असेल तर बावन्न साखळ्या हव्यात, म्हणजे पाच फेऱ्यांत ते होणंच शक्य नाही. पाचांवर थांबलं तर काही मांडण्या कधीच येणार नाहीत, आणि बावन्न पानांच्या एकूण मांडण्यांचा आकडा अडुसष्ट अंकी आहे.

यंत्राच्या सात फेऱ्यांना आमच्याकडे दोन मिनिटं पुरतात.

०

रोलर अगदी तंतोतंत चालले असते तर? डावीकडचं एक, उजवीकडचं एक, कधीही न चुकता. तेव्हा पिसलंच जात नाही. पहिलं पान वर आणि शेवटचं तळाशी ठेवून अशा आठ अचूक फेऱ्या केल्या, की बावन्न पानं पुन्हा मूळ क्रमात येतात. यंत्राचं थोडं अडखळणं, मधेच दोन पानं एकदम सोडणं, यातच त्याचं पिसणं आहे. म्हणून रोलर फार गुळगुळीत ठेवला नाही, फार खरखरीतही नाही.

०

कॅसिनोतली महागडी यंत्रंही कच्च्या पिसण्यातून सुटलेली नाहीत. दहा कप्प्यांच्या अशा एका यंत्राचा अभ्यास डायकोनिस, फुलमन आणि होम्स यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. नीट पिसलेल्या कॅटमधून एकेक पान उघडत पुढचं पान ओळखत गेलं, तर बावन्नात साडेचारच्या आसपास अंदाज बरोबर येतात. या यंत्रानं एकदा पिसलेल्या कॅटमध्ये सुमारे साडेनऊ येऊ शकतात.

०

आठवड्यानं यंत्र पुन्हा अडलं. पावसाळ्यात कागदी पानं दमट होऊन चिकटतात, म्हणून आमच्याकडे त्यांना टाल्कम पावडर चोळायची जुनी रीत. हाताला ती पानं सुळसुळीत लागतात. पण रोलरला पकडच हवी, आणि पावडरीनं तीच जाते. आता पावडर बंद. प्लास्टिकची पानं आणली, कागदी कॅट स्टीलच्या डब्यात.

०

आपल्याकडची सर्वांत देखणी पानं सावंतवाडीची गंजिफा. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, म्हणजे एकशे वीस पानं, तीही गोल आणि लाखेच्या लेपाची. ती कुठल्याही रोलरखाली जाणार नाहीत. कापडावर पालथी पसरून दोन्ही तळव्यांनी कालवायची. आमच्या घरची लहान मुलं साधा कॅटही तसाच पिसतात. एका तळव्यानंही ते जमतं. बाबांना सुचवून पाहिलं. म्हणाले, "तो पोरांचा प्रकार."

०

पोकरला दर डावानंतर पिसावं लागतं, आणि सगळं लक्ष हातातल्या दोन पानांवर. म्हणून दोन कॅट ठेवले, निळा आणि लाल. निळा खेळात असताना लाल यंत्रात. यंत्र बाबांच्या डाव्या हाताशी. भाचा आता कॅट मागतो तो त्यांच्याकडे.

०

काल मेंढीकोटात बाबांची बाजू हरली. चारही मेंढ्या गेल्या. सवयीनं शेजारच्या काकांचा हात कॅटकडे गेला. बाबांनी त्याआधी डावा पंजा पानांवर ठेवला. दोन भाग केले, कप्प्यांत सारले, पट्टी दाबली. सात वेळा. प्रत्येक फेरीला पानं जुळवून घ्यायला त्यांना वेळ लागत होता. सगळे थांबले, कुणी घाई केली नाही. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता.

सातवी फेरी झाल्यावर त्यांनी खण ओढला, कॅट काकांसमोर ठेवला आणि म्हणाले, "काटा."