माझ्या कथेचा पूर्णविराम

माझी एक कथा आहे. ती मी पूर्ण केलेली नाही, आणि वाचकांना ती माझी सगळ्यांत चांगली कथा वाटते. कार्यक्रमात कुणी तिचं नाव काढलं की अजूनही पोटात कालवतं. नावसुद्धा मी दिलेलं नाही.

मी इचलकरंजीची. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला आणि गाव कापडाचं झालं, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. आमच्या घरामागच्या शेडमध्ये चार माग होते. पुढे मी बँकेत नोकरीला लागले, कथा लिहायला लागले, त्या दिवाळी अंकांतून छापून यायला लागल्या. एवढं पुरे.

ही कथा एका कांडीवालीची. साध्या मागाच्या धोट्यात सुताची कांडी बसते, ती संपली की दुसरी घालायची. या कांड्या भरून देण्याचं काम बहुतेक बायकांकडे. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबलची मर्यादा धरतात, आणि साध्या मागांच्या शेडमधला खडखडाट त्याच्या वर जातो. तिथे कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. माणसं ओठांकडे बघून, हातवारे करून बोलतात. माझ्या कथेतल्या बाईचे कान वर्षानुवर्षांच्या त्या आवाजाने गेलेत, पण हे कुणाला ठाऊक नाही, कारण शेडमध्ये सगळेच बहिरे. ती उलट ओठ वाचण्यात सगळ्यांत तरबेज. मग भारनियमनाच्या दिवसांत एकदा भरदुपारी लाइट जाते. माग थांबतात. सगळे मोकळेपणी बोलायला लागतात, पाठमोरे, लांबून, कोपऱ्यातून. आणि त्या शेडमध्ये आता ती एकटीच बहिरी उरते.

इथपर्यंत कथा सरसर आली. इथे ती थांबली.

माझं शेवटचं वाक्य होतं, 'माग एकामागून एक थांबले, आणि तिला कळलं की आता सगळ्यांना ऐकू येतंय,'. हो, स्वल्पविराम. पुढे काहीतरी होतं, ते येईना.

'सुचत नाही' असं आपण म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, डोकं रिकामं झालंय. माझं तसं नव्हतं. मला शेवट सुचत होते, भरपूर सुचत होते. ती कांड्यांची पेटी आपटून बाहेर पडते. ती मालकाला चार शब्द सुनावते. तिची मुलगी येऊन तिचा हात धरते. रात्री लिहिताना प्रत्येक शेवट पटायचा आणि सकाळी खोटा वाटायचा. मी ते फाडत गेले. मैत्रिणी म्हणाल्या, चालायला जात जा. एका ज्येष्ठ लेखकांनी सांगितलं, रोज ठरलेल्या वेळी बस, आलं नाही तरी बस. मी दोन्ही केलं. चालून पाय दुखले. रोज बसल्याने दुसऱ्या दोन कथा झाल्या, चांगल्या झाल्या, पण कांडीवाली जिथल्या तिथे.

नंतर या विषयावर जे हाती लागलं ते मी वाचत गेले, तेव्हा कळलं की रोज बसायचा सल्ला अगदी हवेतला नाही. रॉबर्ट बॉइस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1983 साली प्राध्यापकांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. मनात आलं तरच लिहिणाऱ्यांपेक्षा सक्तीने ठरलेल्या वेळी लिहिणाऱ्यांना नव्या कल्पनाही जास्त सुचल्या, असं त्यात दिसलं. मला ते मान्य आहे. माझ्या त्या दोन कथा हा त्याचाच पुरावा. पण 'लेखक म्हणून अडणं' आणि 'एका ठिकाणी अडणं' या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि सल्ला देणारे दोन्हीला एकच औषध देतात.

मला माझं दुखणं जास्त ओळखीचं वाटलं ते माइक रोझच्या अभ्यासात. अमेरिकेतल्या या शिक्षकाने 1980 च्या सुमारास काही विद्यार्थी बघितले, लिहिताना अडणारे आणि न अडणारे. अडणाऱ्यांची बुद्धी कमी नव्हती. त्यांच्या डोक्यात नियम पक्के बसलेले होते. पहिला परिच्छेद निर्दोष झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, अशा धर्तीचे. न अडणाऱ्यांकडेही नियम होते, पण ते वाकत होते. मी वाचताना थांबले आणि स्वतःला विचारलं, कांडीवालीच्या जागी माझा न वाकणारा नियम कुठला? तो लगेच सापडला. आमच्या पिढीला कथालेखनाच्या शिबिरांतून, परीक्षणांतून, स्पर्धांच्या निकालांतून तो मिळाला होता: कष्टकरी माणसाच्या कथेला शेवटी ठिणगी हवी. बाई सोसत असेल तर शेवटच्या पानावर तिने मान वर केलीच पाहिजे. माझे सगळे फाडलेले शेवट म्हणजे त्याच एका ठिणगीची वेगवेगळी रूपं होती. हात अडत होता कारण ती बाई तसं करणारी नव्हती. आपल्याकडे हा नियम अजून शिकवला जातो. त्याने किती चांगल्या कथा शेवटच्या पानावर मेल्या असतील, या विचाराने मला आजही संताप येतो.

पण हे सगळं कळायच्या आधीच ते घडलं.

1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष दिवाळीला बांधलेलं आहे. उन्हाळ्यात पत्र येतं, पावसाळ्यात मजकूर द्यायचा. त्या वर्षी एका अंकाच्या संपादकांना मी कथा कबूल केली होती. ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला. मी सांगितलं, अडलीय, यंदा होणार नाही. ते म्हणाले, "अहो, आहे तेवढी पाठवा. मी वाचतो, काही सुचलं तर सांगतो. अंकासाठी नका समजू." मला बरं वाटलं. अडलेल्या कामावर कुणीतरी प्रेमाने नजर टाकावी, यासारखं सुख नसतं. मी पानं पाठवली, वर चिठ्ठी जोडली. चिठ्ठीत लिहिलं होतं की कथा अपूर्ण आहे, छापण्यासाठी नाही. 'अपूर्ण'च्या खाली रेघ मारली होती. तिची नक्कल माझ्याकडे आहे.

दिवाळीला अंक घरी आला आणि त्यात माझी कथा होती.

मी अनुक्रमणिकेत नाव बघितलं तेव्हा वाटलं, दुसऱ्या कुणाची तरी चूक झालीय. माझी कथा 'कांडी' होती. इथे 'अंधार' छापलं होतं. भरदुपारच्या कथेला अंधार! चित्रात कंदील धरलेली एक बाई होती. माझ्या कथेत कंदील नाही, रात्र नाही. मधले दोन परिच्छेद गाळले होते, ओठ वाचण्याचे, ज्यांच्यावर पुढचं सगळं उभं होतं. आणि शेवटच्या वाक्यात 'ऐकू येतंय'च्या पुढे माझा स्वल्पविराम होता तिथे पूर्णविराम आला होता. खाली छापखान्याची नक्षी.

मी फोन केला. संपादक आनंदात होते. "ओपन एंड म्हणतात त्याला. तुम्हालाच कळलं नव्हतं, कथा झाली होती. मी फक्त थांबवली." मी विचारलं, मला न विचारता? ते म्हणाले, "विचारलं असतं तर तुम्ही दिली नसती." हे वाक्य मी पुन्हा पुन्हा आठवते. त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं की नकार त्यांना माहीत होता. मी खुलासा छापा म्हटलं. पुढच्या अंकात छापू म्हणाले. तो अंक वर्षातून एकदा निघतो. पुढच्या दिवाळीला खुलासा नव्हता. मानधन मात्र वेळेवर आलं, मी परत पाठवलं, ते पुन्हा आलं.

नवीन लिहिणाऱ्यांना मला इथे एक गोष्ट सांगायचीच आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याचं, 1957 च्या, कलम 57 बघून ठेवा. हक्क विकलेले असले तरी आपल्या कृतीची मोडतोड होऊन नावाला बाध येत असेल तर लेखक दाद मागू शकतो. मन्नू भंडारी आपल्या 'आपका बंटी' या कादंबरीवरून काढलेल्या 'समय की धारा' या चित्रपटासाठी दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेल्या होत्या, त्या याच कलमावर. मला हे तेव्हा माहीत असतं तरी एका दिवाळी अंकाविरुद्ध मी कोर्टात गेले असते असं नाही. पण फोनवर माझा आवाज कापला नसता. आणि प्रूफ बघितल्याशिवाय छापणार नाही, हे लेखी घ्या. ओळखीच्या संपादकाकडून आधी घ्या.

मग पत्रं यायला लागली. लोकांना कथा आवडली होती. एका निवृत्त शिक्षकांचं पत्र होतं, त्यांचे स्वतःचे कान गेले होते. त्यांनी लिहिलं होतं, कथेत कुणीही त्या बाईला सोडवायला आलं नाही, म्हणून त्यांना फार बरं वाटलं. ते वाचून मी हादरले. माझे सगळे फाडलेले शेवट सोडवायलाच आलेले होते. म्हणजे ज्या नियमाने मला इतके महिने जखडलं, तो संपादकांनी एका पूर्णविरामाने बाजूला सारला होता? त्या पत्रानंतर काही दिवस मला खरोखर वाटायचं की त्यांचं बरोबर होतं, कथा झाली होती आणि माझा हात म्हणूनच पुढे जात नव्हता.

आज मला तसं वाटत नाही. कारण पूर्णविरामानंतर काय झालं ते फक्त मला माहीत आहे.

अडलेल्या त्या महिन्यांत कांडीवाली माझ्याबरोबर असायची. बँकेत पासबुक भरताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना ती मध्येच यायची. तिच्या लुगड्याला चिकटलेला कापूस, बोटाला सुताने पडलेली चीर, असं काहीतरी नवं दिसायचं. कागदावर ओळ नव्हती, पण काम चालू होतं. अंक निघाला आणि ती यायची बंद झाली. एका दिवसात. मी बोलावलं, जुनी पानं काढून वाचली, शेडमध्ये जाऊन बसले. काही नाही. अडणं संपलं होतं, आणि त्याच्याबरोबर कथाही.

ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंताने 1926 च्या पुस्तकात निर्मितीच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: तयारी, मग ते मनाच्या तळाशी मुरणं, मग अचानक सुचणं, मग सुचलेलं तपासणं. त्याच्याही आधी गणिती आंरी प्वांकारे यांनी लिहून ठेवलं होतं की कितीतरी दिवस छळणाऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांना फ्रान्समधल्या कुतांस गावी घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाय ठेवताना मिळालं. लोक हा बसचा किस्सा सांगतात आणि पुढचं सोडून देतात. प्वांकारे सांगतात की न कळत होणाऱ्या या कामाच्या आधी जाणून केलेली मेहनत लागते, आणि नंतरही लागते. बाहेरून बघणाऱ्याला मधला काळ नुसता रिकामा दिसतो. अरुण कोलटकरांचा मराठी कवितासंग्रह 1977 साली आला आणि पुढचे मराठी संग्रह एकदम या शतकात. मधल्या वर्षांत ते लिहीतच होते. वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. 1984 च्या अपघातानंतर तर मोठे कॅनव्हास बराच काळ थांबले, कागदावर शाईची लहान कामं झाली. त्यांच्या त्या थांबण्याला कुणी बाहेरून येऊन सही ठोकली नाही.

माझ्या काकीने उभा जन्म कांड्या भरल्या. छापलेली कथा मी तिला वाचून दाखवली, जोरात, तिच्या उजव्या कानाशी. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, "मग? लाइट कवा आली?"

मी म्हटलं, काकी, कथा तिथंच संपते.

"संपतीया कशी? लाइट आल्याबिगर घरी कोण जातंय?"

पाळी संपल्याशिवाय कुणी घरी जात नाही. लाइट येते, माग सुरू होतात, सगळे पुन्हा तिच्यासारखे बहिरे होतात, आणि आता तिला त्या सगळ्यांविषयी काहीतरी ठाऊक झालेलं असतं जे मघाशी नव्हतं. पुढचं पान तिथे होतं, तिच्या बाहेर पडण्यात नव्हे, तिच्या तिथेच थांबण्यात. हे मला काकीच्या प्रश्नाने दिसलं. दिसलं, पण लिहिता आलेलं नाही. कांडीवाली परत आलेली नाही, आणि ती आल्याशिवाय मी नुसत्या हुशारीने ते पान लिहिणार नाही.

आता एक प्रकाशक यंत्रमागाच्या गावांवरच्या कथांचा संग्रह काढतायत. त्यांना 'अंधार' हवी आहे. मी कळवलंय: शीर्षक 'कांडी', गाळलेले दोन्ही परिच्छेद जागेवर, शेवटी स्वल्पविराम, त्याखाली 'अपूर्ण', आणि माझ्या सहीशिवाय प्रूफ पुढे जाणार नाही. त्यांना बाकी सगळं मान्य आहे, फक्त 'अपूर्ण' नको आहे. वाचक गोंधळतील म्हणतात. गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला होता, एक शब्द सोडा म्हणून. मी सोडलेला नाही.