गेल्या वर्षीचा सप्टेंबर

रायपूरच्या आमच्यासारख्या मराठी घरांत भिंतीवर दोन पंचांगं असतात. एक मुंबईचं ‘कालनिर्णय’, दुसरं जबलपूरचं ‘लाला रामस्वरूप’. पहिल्यातला महिना अमावास्येला संपतो, दुसऱ्यातला पौर्णिमेला. त्यामुळे शेजाऱ्यांचा सावन लागतो तेव्हा आमचा आषाढच चालू असतो. 2024 मध्ये त्यांचा सावन 22 जुलैला लागला, आमचा श्रावण 5 ऑगस्टला. उपास कुणाचे कधी, यावरून गल्लीत दरवर्षी थट्टा चालते. पोटापाण्याच्या कामात या फरकाचा उपयोग होईल, असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं.

माझं काम वेबसाइटचे आकडे वाचण्याचं. त्यातली एक साइट शहरातल्या एका जुन्या दुकानाची आहे. पूजेचं सामान, उपासाची पिठं, सणावारांची माहिती, पाककृती, असं सगळं तिच्यावर हिंदीत असतं आणि थोडंसं मराठीतही. मराठी मजकूर एक काकू लिहितात. शाळेतून निवृत्त झाल्या, पती गेले, आणि तेव्हापासून त्या उकडीच्या मोदकांपासून गौरींच्या फुलोऱ्यापर्यंत सगळं नीट, मोजूनमापून लिहीत आल्या आहेत. लेखामागे मिळणारे पैसे थोडे, पण ते त्यांचे स्वतःचे.

ऑक्टोबर 2024 मध्ये मालकांचा फोन आला. “दीदी, मराठीवाला बंद कर देते हैं. गिर रहा है.” त्यांनी स्वतःच गूगल ॲनालिटिक्स उघडून सप्टेंबर 2024 ची तुलना सप्टेंबर 2023 शी केली होती. हिंदी विभाग वर, मराठी खाली, खाली जाणारा बाण लाल. त्यांचा हिशेब चुकला नव्हता. यंत्राला जे विचारलं, त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं होतं.

पण गणपती सप्टेंबरमध्ये येत नाहीत, भाद्रपदात येतात. 2023 साली अधिक श्रावण होता, म्हणून चतुर्थी 19 सप्टेंबरपर्यंत लांबली. 2024 साली ती 7 सप्टेंबरला आली. मोदकांची कृती कुणी चतुर्थी उलटल्यावर शोधत नाही. आधीचे दोन-तीन आठवडे शोधतात. ते आठवडे 2023 मध्ये जवळजवळ सगळे सप्टेंबरात होते, 2024 मध्ये बहुतेक ऑगस्टात गेले. हिंदीचंही तेच. तीजेचं वाचन तिथेही अलीकडे सरकलं, पण पितृपक्ष 2023 मध्ये 29 सप्टेंबरला लागला होता, तो 2024 मध्ये 18 तारखेलाच लागला, आणि हिंदी विभागात पितृपक्षाचे लेख भरपूर. एक विभाग चढला, दुसरा उतरला, आणि दोन्हींमागे चंद्र होता.

ॲनालिटिक्समध्ये तारखा निवडताना ‘मागील वर्षाचा हाच कालावधी’ असा तयार पर्याय मिळतो. वार जुळवून घेण्याचीही सोय आहे आणि ती कामाची आहे, कारण सप्टेंबर 2023 मध्ये पाच शनिवार होते, 2024 मध्ये पाच रविवार. तिथी जुळवण्याची सोय मात्र नाही. ती हाताने करावी लागते. मी चतुर्थीला शून्य धरलं, मागे 21 दिवस, पुढे 10. म्हणजे एकीकडे 29 ऑगस्ट ते 29 सप्टेंबर 2023, दुसरीकडे 17 ऑगस्ट ते 17 सप्टेंबर 2024. दोन्हीकडे 32 दिवस. आता मराठी विभाग जवळपास होता तिथेच दिसला. वाढला नव्हता, पण पडलाही नव्हता.

मालक हुशार. म्हणाले, मग 2022 शीही लावून दाखवा. तिथे अडचण वेगळी होती. 1 जुलै 2023 ला जुन्या ॲनालिटिक्सने मोजणं थांबवलं आणि वर्षभराने त्यातला साठाही बंद झाला. मी उतरवून ठेवलेले तक्ते होते, पण त्यांचं माप निराळं. जुन्या पद्धतीत वाचक एकच पान वाचून गेला की त्याची भेट वाया गेली असं धरत. नव्या पद्धतीत तो 10 सेकंदांहून जास्त थांबला तरी भेट सार्थकी लागते. शब्द तोच, ‘बाउन्स रेट’, आणि अर्थ दोन. एका वर्षीचं कापड वाराने मोजायचं आणि दुसऱ्या वर्षीचं मीटरने, तशी ही गत. मी ते आकडे शेजारी शेजारी मांडायला नकार दिला.

या शहरात असा हिशेब जुना आहे. माधवराव सप्रे यांनी जानेवारी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं. घरची भाषा मराठी, काम हिंदीचं. पैशांअभावी ते तीनच वर्षांत, 1902 मध्ये, बंद पडलं. वर्गणीदारांच्या वहीत पाहिलं तर तोट्याचा उद्योग. पण त्याच मासिकात 1901 मध्ये आलेली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही गोष्ट आज हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांमध्ये धरली जाते. तीन वर्षांची वही उघडायची की सव्वाशे वर्षांची, यावर उत्तर बदलतं. अर्थात दुकानाच्या मालकाला सव्वाशे वर्षं थांबा असं सांगता येत नाही, आणि मी सांगितलंही नाही. फक्त दोन तक्ते पाठवले, एक तारखेने लावलेला, एक तिथीने.

पुढच्या चतुर्थीपर्यंत विभाग चालू राहील असं ठरलं. 2025 ची चतुर्थी 27 ऑगस्टला होती, म्हणून तुलनेच्या तारखा मी तेव्हाच लिहून दिल्या, नंतर कुणी सोयीच्या निवडू नयेत म्हणून.

काकूंना फोनवर हे सांगितलं. त्यांनी टक्केवारी विचारली नाही. “आपल्या रायपूरचं कुणी वाचतं का गं?” एवढंच विचारलं.

तक्त्यात शहरांचा रकाना आहे. त्यात नागपूर होतं, पुणे होतं, त्यांच्या खाली रायपूरही होतं. पण हे शहर मोबाइलच्या जाळ्यावरून अदमासाने ठरतं. शिवाय यंत्र मोजतं ते फोन आणि ब्राउझर. एका फोनवर सून वाचून दाखवते आणि सासू ऐकते, तिथे वाचक एकच लागतो. तीच सून दुपारी ऑफिसच्या संगणकावर तीच कृती पुन्हा उघडते, तेव्हा एकीच्या दोघी होतात. आमच्या घरांतली पुढची पिढी मराठी बोलते, पण वाचायला हिंदी घेते. एखाद्या आजी गेल्या तर आलेखावर काहीच हलत नाही, कारण ऐकणारी कधी मोजलेलीच नव्हती.

काकूंना म्हटलं, रायपूरचं नाव यादीत आहे. किती जण ते मला नक्की सांगता येणार नाही. त्या म्हणाल्या, बरं. आणि दिवाळीच्या अनारशांचा लेख कधीपर्यंत हवा ते विचारलं.