ऑइलची परतीची वाट

इंजिन बांधणाऱ्या माणसाचं सगळं लक्ष ऑइल वर कसं चढेल याकडे असतं. पंपातली फट मोजायची, बेरिंगला किती थाऊ मोकळीक आहे ते बघायचं, क्रँकच्या भोकांतून तार फिरवून हवा मारायची. गाडी चालू केली आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला की आमचा जीव भांड्यात पडतो. पण वर गेलेलं ऑइल खाली कसं येतं, वाटेत त्याचे काय हाल होतात, हे कोण विचारतो? पातळ पदार्थ आहे, येईल आपसूक खाली! विंडेज ट्रे बसवायला घेतला की मात्र हा प्रश्न टाळता येत नाही.

वस्तू म्हणाल तर अगदी साधी. फिरणारा क्रँक वर, चेंबरमध्ये साठलेलं ऑइल खाली, आणि दोघांच्या मध्ये क्रँकच्या गोलाईला धरून वाकवलेला, भोकं किंवा खाचा पाडलेला एक पत्रा. त्यात हलणारा भाग एकही नाही. गिऱ्हाइकाला दाखवला तर तो म्हणणार, याचे पैसे?

आमच्या कोल्हापुरातल्या उद्यमनगरात ज्यांनी हात काळे केले, त्या जुन्या मिस्त्रींना हा पत्रा मुळातच उलटा वाटायचा, आणि त्यांचं चुकत नव्हतं. त्यांची उमेदीची वर्षं गेली विहिरीवरच्या संथ इंजिनांत. लिस्टर जातीचं इंजिन मिनिटाला साडेसहाशे फेरे घेणार, आणि त्याच्या बिग एंडच्या कॅपखाली मुद्दाम एक चमचा बसवलेला. दर फेऱ्याला तो ऑइलमध्ये बुडायचा, ऑइल उडवायचा, त्या शिंतोड्यांवर सगळं वंगण चालायचं. माझे वस्ताद याच शाळेतले. क्रँकने ऑइलला थाप मारलीच पाहिजे, नाहीतर लायनर कोरडं पडेल, हे त्यांचं गणित. साडेसहाशेला ते बरोबर आहे. सहा हजारला तीच थाप इंजिनाच्या मुळावर येते.

हिशेब मांडून बघा. मिनिटाला सहा हजार म्हणजे सेकंदाला शंभर फेरे. क्रँकच्या मध्यापासून ७० मिलिमीटरवर फिरणारं रॉड बोल्टाचं टोक घेतलं, तर त्याचा वेग ताशी १५८ किलोमीटरच्या घरात जातो. मेन आणि बिग एंड बेरिंगांच्या कडांमधून सतत गळणारं ऑइल या वादळात सापडतं. ते सरळ खाली पडतच नाही. क्रँकभोवती त्याचा पिंजलेला पट्टा फिरत राहतो आणि क्रँकला तो फुकटचा ओढावा लागतो. त्यातून सुटलेले थेंब चेंबरमधल्या ऑइलवर आपटतात, वरून वाऱ्याचा मारा असतोच. मग गुऱ्हाळात काहिलीवर चढतो तसा फेस चढतो. पंपाची जाळी तो फेस ओढते, आणि हवा मिसळलेलं ऑइल बेरिंगखाली दाबलं गेलं की त्याचा थर टिकत नाही. गेजवरचा काटा थोडा थरथरतो, एवढीच बाहेरची खूण.

मध्यंतरी एक तरुण गिऱ्हाईक जिप्सी किंग घेऊन आला. जी१३ मालिकेचं इंजिन, १२९८ सीसी, फुल इंजिन काम. ‘‘दादा, विंडेज ट्रे टाकूया. रेनफॉरेस्टला उतरायचं डोक्यात आहे.’’ २०१४ साली गोव्यात सुरू झालेल्या, भर पावसाळ्यातल्या त्या स्पर्धेबद्दल तो बोलत होता. मी म्हटलं, ‘‘भावा, तिथं तू चिखलात नाक वर करून उभा राहणार. फेरे कमी, चढ उभा. सगळं ऑइल मागच्या भिंतीला जाऊन बसलं आणि जाळी उघडी पडली, की ट्रे काय करणार?’’ तिथं बॅफल लागतो. चेंबरच्या आत जाळीभोवती उभ्या पट्ट्यांची खोली करायची, म्हणजे गाडी कलली तरी ऑइल तिथून पळत नाही. बॅफल गाडीच्या हालचालीपासून ऑइल वाचवतो, ट्रे क्रँकच्या हालचालीपासून. ही गल्लत चांगले शिकलेले लोकही करतात. पण पोरगा एरवी रॅलीही चालवायचा, तीही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन पिळून. मग म्हटलं दोन्ही करू.

तयार ट्रे मागवायच्या भानगडीत न पडता तो दीड मिलिमीटरच्या पत्र्यातून घरीच केला. मेन कॅपच्या बोल्टांवर स्टड काढून ट्रे लटकवण्याची पद्धत आहे आणि ती चांगलीही आहे. पण त्यासाठी डोक्यावर आटे असलेले योग्य दर्जाचे बोल्ट हवेत. मेन कॅपच्या बोल्टावर घरगुती जोडकाम मी करत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. त्यामुळे ब्लॉक आणि चेंबरच्या फ्लँजमध्ये दाबून बसेल असा ट्रे ठरवला.

हा मार्ग दिसायला सोपा आहे. पण पत्रा मध्ये आला की चेंबर तेवढा खाली जातो, आणि पंपाची जाळी तळापासून तेवढीच दूर होते. ते अंतर मोजावं लागतं. सहा ते साडेनऊ मिलिमीटर अंतर मला पटतं. त्याहून जास्त झालं तर जाळी वाकवत बसण्यापेक्षा तिच्या नळीचा ब्रॅकेट बघावा. चेंबरचे बोल्टही लांब घ्यावे लागतात. या इंजिनाचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, आट्यांची पकड कमी झाली आणि वर पाना जोरात फिरला, की आटे हातात येतात. शिवाय फ्लँज एकसंध नाही. पुढे ऑइल पंपाचं कव्हर, मध्ये ब्लॉक, मागे ऑइल सीलचं हाउसिंग, असे तीन तुकडे. त्यांच्या सांध्यांवर सीलंट हात राखून लावलं की तिथूनच ओल सुटणार, आणि आता गळायला एकाऐवजी दोन पृष्ठभाग आहेत.

पुठ्ठ्यावर माप काढलं, जाळीच्या नळीला आणि ऑइलच्या काडीला वाट ठेवली. काडी विसरलात तर ती ट्रेवर टेकते आणि आयुष्यभर खोटं बोलते. खाचा पाडताना क्रँक कुठल्या दिशेने फिरतो हे आधी बघायचं. खाचेची पाकळी येणाऱ्या ऑइलच्या सामोरी उघडली पाहिजे, म्हणजे ती ते सोलून खाली सोडते. उलटी पाडली तर निम्मा फायदा गेला. बहुतेक इंजिनं पुलीकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यासारखी फिरतात, पण होंडाची जुनी डी आणि बी मालिका उलटी फिरते. त्यामुळे फोटो बघून खाचा पाडणाऱ्यांचं मला भय वाटतं.

खरी मेहनत फटीची. ट्रे जितका जवळ तितकं ऑइल चांगलं सोललं जातं, हे खरं. पण गरम झालेला रॉड थोडा लांबतो, जोरात क्रँकही थोडा लवतो, पत्रा थरथरतो. तीन मिलिमीटरच्या खाली मी जात नाही. पोरांच्या खेळण्यातल्या मातीच्या वळ्या ट्रेवर आडव्या चिकटवायच्या, सीलंटविना ट्रे आणि चेंबर बोल्टांनी कसायचे, क्रँक हाताने सावकाश पूर्ण दोन फेरे फिरवायचा आणि उघडून बघायचं. वळीवर रॉड बोल्टाचा ठसा उमटलेला असतो. तिथे उरलेल्या मातीची जाडी म्हणजे तुमची फट. चारही रॉडांची वेगवेगळी मोजायची. एक बरोबर आला म्हणून बाकीचे येतात असं नाही. कुठल्या रॉडचा बोल्ट आधीच्या कामात बदललेला असतो, त्याचं डोकं उंच असतं.

कंपनीने बसवलेल्या ट्रेलाही यातून सुटका नाही. शेवरलेच्या १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलेल्या एलएस१ इंजिनाला ट्रे कारखान्यातूनच येतो. अमेरिकेतली हौशी मंडळी त्यात ९२ ऐवजी १०१.६ मिलिमीटर स्ट्रोकचा क्रँक घालतात. म्हणजे रॉडचा बोल्ट जवळजवळ पाच मिलिमीटर खाली येतो आणि ट्रेला ठोकर देतो. मग स्टडवर वॉशर घालून ट्रे खाली उतरवायचा. हजारो डॉलरचं इंजिन आणि उपाय वॉशर!

एक गोष्ट पुष्कळांच्या डोक्यात येत नाही, ती हवेची. जिप्सीच्या या चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन खाली येतात तेव्हा दुसरा-तिसरा वर जातात. खाली येणाऱ्या दोघांखालची जवळपास ६५० सीसी हवा शेजारच्या खणांत जायला बघते, आणि सहा हजारला सेकंदाला दोनशे वेळा. ट्रे चारही बाजूंनी घट्ट बंद केला तर या हवेला चेंबरमधून जायची वाट राहत नाही. ती मेन कॅपच्या फटीतून घुसमटत जाते आणि ऑइललाही खाली उतरू देत नाही. म्हणून कडेला, जिथे क्रँक वर चढू लागतो त्या बाजूला, मी रुंद मोकळी पट्टी ठेवतो. फेकलेलं ऑइल तिथेच भिंतीवर आपटून खाली वाहतं. सुबक, बंदिस्त ट्रे फोटोत छान दिसतो, एवढंच.

कापलेल्या प्रत्येक कडेवरून कानस फिरवायची, कोपरे गोल करायचे. तीक्ष्ण कोपऱ्यातून पत्र्याला तडा जातो आणि तुटका तुकडा चेंबरमध्ये पडतो. मग केरोसिनने धुवायचं, पुन्हा धुवायचं.

गाडी चालू झाल्यावर पोराने विचारलं, ‘‘दादा, पॉवर किती वाढली?’’ म्हटलं, तुला सीटवर बसून कळेल एवढी नाही. या आकाराच्या इंजिनात डायनोवर चढवल्याशिवाय कोणी आकडा सांगत असेल तर त्याच्याकडून ट्रे घेऊ नको. ऑइलमध्ये हवा कमी जाईल, बेरिंगं जास्त दिवस टिकतील. आणि एवढं सगळं राहायचं असेल तर काडीवरच्या वरच्या खुणेपेक्षा थेंबभर जास्त ऑइल नको. ट्रे ऑइलात बुडाला की त्याचं काम संपलं. त्यावर तो जरा घुटमळला. म्हणाला, ‘‘आमचे मामा दर पौर्णिमेला गाडी नरसोबाच्या वाडीला नेतात, आणि निघताना असू दे म्हणून अर्धा लिटर ओततात.’’ मी म्हटलं, मामांना उद्या इकडे घेऊन ये, आणि ऑइलचा डबा आजच डिकीतून काढ.