पितळ उघडं पाडताना

सातपुड्यातल्या मोलगीत पाऊस लागला की बँड गप्प होतात आणि माझा ओटा भरायला लागतो. होळीनंतर सुरू झालेली लग्नसराई तोवर संपलेली असते. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यापाड्यांतून ऊन, धूळ आणि घाम खाऊन आलेले ट्रम्पेट, युफोनियम पोत्यात गुंडाळून माझ्याकडे येतात. मागणं एकच असतं: "दादा, नव्यासारखा चमकवून द्या."

यातली बरीचशी वाद्यं मेरठची. तिथल्या जली कोठीत बँडच्या वाद्यांचा मोठा धंदा आहे. नादिर अली कंपनी तर १८८५ सालची. पितळ काळं पडू नये म्हणून त्यावर लॅकरचं पारदर्शक पुट देतात. ट्रम्पेट धरणारा डावा हात वाल्व्हभोवती असतो, म्हणून तिथलं पुट आधी जातं. जुन्या पुटाला बारीक चिरा पडतात, घामातलं मीठ आत शिरतं आणि पुटाखालून काळ्या रेघा सरकत जातात. वरून कितीही घासा, डाग जात नाही. तो काचेपलीकडच्या धुळीसारखा असतो.

शहरात यावर सोपा इलाज आहे: बफिंगच्या चाकाला लावायचं. पण चाकाला पुट कुठं संपलं आणि पितळ कुठं सुरू झालं हे कळत नाही. भोंगा पातळ होतो, त्यावर कोरलेलं नाव पुसट होतं, जोडांच्या कडा गोल होतात. ती चकाकी धातू देऊन विकत घेतलेली असते. पुट उतरवण्याच्या कामात पितळाचा कणही जाता कामा नये, असा माझा हट्ट आहे.

आधी पिस्टन, स्प्रिंगा, नमदे, बुचं सगळं बाहेर काढतो. मग आडोशाच्या जागी थिनरचा बोळा टेकवून बघतो. पुट चिकट झालं तर ते जुन्या जातीचं. उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकला की सालीसारखं सुटून येतं. पातेलं स्टीलचंच हवं. घरातलं जर्मनचं घेतलं तर सोडा त्यालाच खातो. उकळत्या पाण्याची जोडांच्या झाळकामाला भीती नाही. झाळ वितळायला १८० अंशांच्या पुढं जावं लागतं. भट्टीत पक्कं केलेलं इपॉक्सी पुट मात्र सोड्याला दाद देत नाही. त्यासाठी मेथिलीन क्लोराईडचं पेंट रिमूव्हर चालतं, पण त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि कोंडलेल्या खोलीत जीव घेते. अमेरिकेनं २०२४ मध्ये त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. पावसाळ्यात खिडक्या लावून बसणाऱ्या माझ्यासारख्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. अशी वाद्यं मी आहेत तशी परत देतो.

पुट गेलं की पितळ मळकट, तपकिरी दिसतं. इथं सातपुड्याची कैरी कामाला येते. उन्हाळ्यात इकडं घरोघरी कैऱ्यांचे काप वाळवतात आणि तो आमचूर मोलगीच्या बाजारात ढिगानं येतो. तो कोमट पाण्यात भिजवून, गाळून, त्या आंबट पाण्यात वाद्य बुडवतो आणि शेजारून हलत नाही. काळेपणा जाऊन पिवळा रंग उजळला की लगेच बाहेर. लोभानं जास्त ठेवलं तर पृष्ठावरचं जस्त निघून जातं, तांबं मागं राहतं आणि पितळ गुलाबी पडतं. मग खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढतो, म्हणजे सांध्यात आंबट राहत नाही.

आता खऱ्या अर्थानं पितळ उघडं पडतं. जुनी ठिगळं दिसतात, चेपलेल्या जागा दिसतात. तोंडाजवळच्या नळीवर गुलाबी ठिपका असला तर तो माझ्या आमचुराचा नसतो. आतून, थुंकीच्या ओलीनं जस्त झडलेलं असतं. पुटानं झाकलेला हा रोग बँडमास्तरांना दाखवला की ते आधी माझ्याकडेच संशयानं बघतात.

पुढचा प्रश्न ठरलेला: आवाज मोकळा होतो का? वाजवणारे छातीवर हात ठेवून हो म्हणतात. मी पुट उतरवताना नळ्यांतला गाळही काढतो, गळके वाल्व्ह बसवतो. श्रेयातला मोठा वाटा मी त्यालाच देईन.

लॅकर म्हणजे मालकाला दिलेली रजा आहे: वाजवा, पेटीत टाका, विसरा. तो काढला की रजा संपते. उघडं पितळ बोटांचा वास घेतं आणि बोटांना आपला वास देतं. प्रत्येक वरातीनंतर कोरड्या फडक्यानं पुसलं नाही तर दोन पावसांत हिरवं पडतं. म्हणून हल्ली मी वाद्याआधी माणसाला विचारतो: हे रोज एकाच हातात असतं का? जो ट्रम्पेट आज एक पोरगा, उद्या दुसरा उचलतो, त्याचं पुट फाटकं असलं तरी राहू देतो, फक्त आतून धुतो. मालक कुरकुरतो. पण जे वाद्य पुसायला कुणीच नाही, त्याला अर्धं पुटही उपयोगाचं असतं.