खिळ्याची जागा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आणि कॅनडात बहुसंख्य राहत्या घरांची उतरती छपरे ज्या डांबरी तुकड्यांनी शाकारलेली असतात, त्यांना शिंगल म्हणतात. मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथील हेन्री रेनॉल्ड्स या छप्पर-ठेकेदाराने १९०३ साली डांबरी छप्परकागदाच्या गुंडाळ्या कापून त्यांचे सुटे तुकडे लावायला सुरुवात केली, असे या साहित्याच्या इतिहासात सांगितले जाते. डांबर पाण्याला अडवते म्हणून असे छप्पर गळत नाही, हा सर्वसाधारण समज अर्धाच खरा आहे, कारण शिंगलचे काम पाणी अडवण्यापेक्षा ते कोठेही थांबू न देता वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर सोपवत वळचणीपर्यंत नेण्याचे आहे. बारा इंचांच्या आडव्या अंतरात दोन इंचांपेक्षा कमी चढ असलेल्या छपरावर शिंगल लावण्यास तेथील बांधकाम-नियम परवानगीच देत नाहीत, आणि दोन ते चार इंचांच्या मंद चढावर खालचे अस्तर दुहेरी घालायला लावतात, ते याच कारणाने. कोकणातले मंगलोरी कौलही याच तत्त्वावर चालते. मात्र कौल स्वतःच्या वजनाने आणि पाठीवरच्या खुंटीने रिपेवर टिकून राहते, तर शिंगल पातळ, लवचीक आणि हलकी असल्यामुळे तिला खिळ्यांवाचून गत्यंतर नसते. प्रत्येक शिंगलला किमान चार खिळे, या हिशेबाने दोन हजार चौरस फुटांचे छप्पर शाकारताना कारागीर त्यात पाच हजारांहून अधिक भोके पाडतो. ही भोके पाडूनही त्यांतले एकही भिजू न देणे, एवढीच या कसबाची खरी परीक्षा आहे.

जुन्या पद्धतीची शिंगल एकपदरी असे आणि तिच्या खालच्या कडेला चिरा देऊन तीन चौकोनी पाकळ्या केलेल्या असत. आज सर्रास वापरली जाणारी लॅमिनेटेड शिंगल दुपदरी असते: वरच्या पदराच्या खालच्या भागात असमान रुंदीचे दाते कापलेले असतात आणि त्या दात्यांच्या मागे एक अरुंद अखंड पदर कारखान्यातच डांबराने चिकटवलेला असतो, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला लाकडी फळ्यांच्या जाड छपराचा भास होतो. प्रत्येक पदराच्या पोटात काचतंतूंची न विणलेली चादर असते, तिच्या दोन्ही अंगांना चुनखडीची पूड मिसळलेल्या आणि गरम असताना हवा फुंकून कठीण केलेल्या डांबराचा लेप असतो, आणि वर रंग भाजून बसवलेले दगडाचे बारीक दाणे दाबलेले असतात. दाणे केवळ शोभेचे नसतात. उन्हातील अतिनील किरणांपासून डांबराचे रक्षण तेच करतात, म्हणूनच पन्हळीत दाण्यांचा गाळ साचू लागला की छपराचे वय झाले असे जाणकार समजतात. प्रचलित मापाची शिंगल सव्वातेरा इंच रुंद आणि एक मीटर लांब असते, तिचा सुमारे साडेपाच इंचांचा पट्टा उघडा राहतो आणि बाकीचा भाग वरच्या ओळींखाली झाकला जातो. शंभर चौरस फुटांना, म्हणजे तेथील धंद्यातल्या एका ‘स्क्वेअर’ला, साधारणपणे तीन गठ्ठे लागतात.

शिंगलखाली काय घालावे हे हवामानावर ठरते. तुळयांवर ठोकलेल्या प्लायवूडच्या किंवा लाकडाच्या ढलप्या दाबून केलेल्या बोर्डाच्या तक्तपोशीत बोर्डांमध्ये सुमारे अष्टमांश इंच फट ठेवावी लागते, नाहीतर दमट हवेत बोर्ड फुगून कडा उचलल्या जातात आणि त्या उंचवट्यांच्या रेघा वरच्या शिंगलांवर कायमच्या उमटतात. बर्फाळ प्रदेशात आणखी एक संकट असते, त्याची मराठी मुलखाला कल्पना नाही. घराच्या उबेने छपराच्या वरच्या भागातील बर्फ खालून वितळतो, पाणी उतरत वळचणीपाशी येते, तिथे भिंतीबाहेर डोकावणारा भाग थंडगार असल्याने ते पुन्हा गोठते, आणि बर्फाच्या त्या बांधामागे तुंबलेले पाणी उताराच्या उलट दिशेने शिंगलांखाली शिरते. म्हणजे ज्या उतारावर सारी भिस्त ठेवायची, तोच येथे कुचकामी ठरतो. म्हणून अशा प्रदेशांत वळचणीच्या कडेपासून बाहेरच्या भिंतीच्या आत किमान चोवीस इंचांपर्यंत, खिळ्याभोवती स्वतःच आवळून बसणारे चिकट अस्तर घालण्याची नियमाने सक्ती आहे. कडेच्या पत्र्याचा क्रमही असाच अर्थपूर्ण असतो: वळचणीला आधी पत्रा आणि त्यावर अस्तर, तर पाख्याच्या तिरप्या कडेला आधी अस्तर आणि त्यावर पत्रा. हा क्रम पाठ करण्याची गरज नाही. पाणी कोठून येईल आणि वारा कोठून शिरेल एवढे ध्यानात घेतले की तो आपोआप सुचतो.

यानंतर सूत मारले जाते, म्हणजे रंगाच्या पुडीत घोळलेली दोरी ताणून तक्तपोशीवर सरळ रेघा उमटवल्या जातात. पूड निळी घ्यावी, कारण तांबडी उघड्या भागावर सांडली तर तिचे डाग धुऊन जात नाहीत. वळचणीच्या पहिल्या ओळीखाली ‘स्टार्टर’ नावाची सलग पट्टी येते आणि तिच्यावरील चिकाची रेघ बाहेरच्या कडेकडे ठेवावी लागते. अनेक ठिकाणी ही पट्टी उलटसुलट लावलेली आढळते, आणि वादळात छप्पर उकलायला सुरुवात होते ती नेमकी त्या कडेपासून. पुढच्या प्रत्येक ओळीतील सांधे खालच्या ओळीतील सांध्यांपासून निदान चार ते सहा इंच सरकवलेले असावे लागतात, कारण सांधा सांध्यावर आला की पाण्याला सरळ वाट मिळते. सरकवणे पायऱ्यांसारखे तिरपे करावे की शिडीसारखे सरळ वर न्यावे, यावर कारागिरांत मतभेद आहेत. सरळ वर नेणाऱ्याचे काम वेगाने होते, परंतु त्यात शिंगलची एक बाजू उचलून तिच्याखाली खिळा मारावा लागतो आणि घाईत तो खिळा हमखास राहून जातो, शिवाय गठ्ठ्यागठ्ठ्यांतील रंगफरक उभ्या पट्ट्यांसारखा दिसू लागतो. तिरपी पद्धत थोडी संथ असली तरी तीच बरी.

आता खुद्द खिळा. दुपदरी शिंगलच्या मधोमध, उघड्या भागाच्या किंचित वर, जेथे वरचा पदर आणि मागचा अरुंद पदर एकमेकांवर येऊन चिकटलेले असतात, तेथे जेमतेम इंचभराचा एक आडवा पट्टा असतो. बहुतेक उत्पादक त्यावर रेघ आखून देतात. खिळा या पट्ट्यात बसला तर तो तीन गोष्टी एकदम धरतो: शिंगलचा वरचा पदर, तिचाच मागचा पदर, आणि खाली आधीच लावलेल्या ओळीची वरची कड. अशा रीतीने प्रत्येक शिंगलला स्वतःचे चार आणि वरच्या ओळीचे चार, असे आठ खिळे मिळतात. खिळा दीड-दोन इंच वर गेला तर वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही, छप्पर तितकेच सुबक दिसते, परंतु मागचा पदर कारखान्यातल्या चिकाच्या भरवशावर लोंबकळत राहतो, खालच्या ओळीची कड सुटी पडते, आणि आठ खिळ्यांचे चारच उरतात. चढ तीव्र असेल तर काही उन्हाळ्यांनंतर मागचे पदर खाली सरकू लागतात. उलट, खिळा खाली घसरला तर तो उघड्या भागात येतो, त्याच्या डोक्यावर थेट पाऊस पडतो आणि गंजणे व गळणे ओघाने येतेच. वर चूक आणि खालीही चूक, अशा इंचभराच्या जागेत दिवसाला हजारो वेळा खिळा बसवणे, तेही उतारावर वाकून आणि कमरेला दोर बांधून, हे काम अकुशल मजुरीच्या दराने होते असे मानणाऱ्यांनी ते एकदा जवळून पाहावे.

जागेइतकेच महत्त्व खोलीला असते. खिळ्याचे डोके किमान तीन-अष्टमांश इंच व्यासाचे असावे, खिळा तक्तपोशीत पाऊण इंच शिरावा आणि तक्तपोशी त्याहून पातळ असेल तर तिच्या आरपार जावा, हे नियमाचे शब्द झाले. परंतु डोके शिंगलच्या पृष्ठभागाला फक्त टेकावे, तिच्यात रुतू नये, हे हातालाच शिकावे लागते. हवेच्या दाबावर चालणारी नेल गन आल्यापासून हात खिळ्यापासून दूर गेला आहे. सकाळच्या गारव्यात नीट लावलेला दाब दुपारी डांबर मऊ पडल्यावर जास्त ठरतो, डोके काचतंतूंची चादर कापून आत जाते, आणि खिळा मारलेला असूनही न मारल्यासारखा होतो. दाब कमी पडला तर डोके वर राहते, वरच्या ओळीला चिकटू देत नाही आणि हळूहळू तिला खालून भोक पाडते. तिरपा गेलेला खिळा एका बाजूने रुततो व दुसऱ्या बाजूने उभा राहतो, म्हणजे दोन्ही दोष एकाच ठिकाणी आणतो. म्हणून जाणता कारागीर दिवसातून अनेकदा यंत्राची खोली बदलतो आणि कमरेची हातोडी काढून ठेवत नाही. अलीकडे काही उत्पादकांनी खिळ्याचा पट्टा बराच रुंद केला आहे, काहींनी त्यात मजबूत कापडी फीत घातली आहे. ही सुधारणा उपयोगी आहेच, पण माणसाच्या अचूकतेवर विसंबता येत नाही याची ती कबुलीही आहे.

वाऱ्याशी झुंजताना मात्र खिळा एकटा नसतो. प्रत्येक शिंगलवर डांबरी चिकाची तुटक रेघ असते. उन्हाच्या उबेने ती मऊ होऊन वरच्या ओळीच्या पोटाला घट्ट धरते, आणि वारा कड उचलू पाहतो तेव्हा पहिला जोर तीच सोसते. शिंगलच्या पाठीवरची प्लॅस्टिकची पारदर्शक फीत काढायची राहून गेली, अशी शंका घरमालक हटकून घेतात. ती फीत गठ्ठ्यातील शिंगल्स एकमेकींना चिकटू नयेत एवढ्यासाठी असते, आणि लावताना ती काढण्याची गरज नसते. ताशी ११० किंवा १५० मैल वाऱ्याचा जो दर्जा गठ्ठ्यावर छापलेला असतो, तो प्रयोगशाळेत चीक पूर्ण धरलेल्या शिंगलांवर ठरवलेला असतो. थंडीत लावलेल्या छपराचा चीक वसंतापर्यंत धरत नाही, आणि धुळीने माखलेला चीक कधीच धरत नाही. पारा चार-पाच अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर प्रत्येक शिंगलखाली डांबरी सिमेंटचे नाण्याएवढे ठिपके हाताने द्यावे लागतात. हे काम कंटाळवाणे असल्याने ते अनेकदा टळते. १९९२ च्या ऑगस्टमध्ये ॲन्ड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडातील हजारो घरांची छपरे उघडी पाडली, त्यानंतर तेथील नियम पुष्कळ कडक झाले. वादळी प्रदेशांत आता प्रत्येक शिंगलला चारऐवजी सहा खिळे मारावे लागतात.

छप्पर आणि भिंत जेथे भेटतात तेथे पत्र्याचे काटकोनी तुकडे, प्रत्येक ओळीबरोबर एक असे, पायऱ्यांसारखे बसवले जातात. त्यांऐवजी एक लांब पत्रा लावून वर सीलंट फासण्याचा मोह स्वस्त ठेकेदाराला आवरत नाही. सीलंट पाच-सात वर्षांत आखडते. गळतीच्या बहुतेक तक्रारी धुरांड्यापाशी, भिंतीपाशी आणि दोन पाख्यांच्या मधल्या घळीतच निघतात, मोकळ्या पाख्यावर क्वचितच.

न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना या छपराची ओळख बहुधा पहिल्या गारपिटीनंतर, विमा कंपनीचा माणूस शिडी लावतो तेव्हा होते. इकडे लोणावळा, महाबळेश्वर या भागांतील बंगल्यांवरही शिंगल्स दिसू लागल्या आहेत, आणि पुष्कळदा त्या थेट उतरत्या काँक्रीटच्या स्लॅबवर चिकटवलेल्या असतात. ज्या खिळ्यावर ही सारी रचना उभी आहे तो काँक्रीटमध्ये तसा शिरत नाही, हे ध्यानात घेता आधी लाकडी रिपा व बोर्डाची तक्तपोशी करून मग शिंगल लावणे अधिक शहाणपणाचे, आणि तेही मार्चपूर्वी, म्हणजे चिकाला पावसाआधी पुरेसे ऊन मिळेल. घर कोठेही असो, मालकाने रंगाच्या नमुन्यांवर घालवलेल्या वेळातील थोडा वेळ वेगळ्या गोष्टीसाठी राखून ठेवावा: काम चालू असताना, रोज दुपारी, त्याच दिवशी लावलेल्या चार-सहा शिंगल्स उचलून त्यांच्या खिळ्यांचे फोटो मुकादमाकडे मागावेत. चांगल्या मुकादमाची त्याला हरकत नसते, आणि चीक एकदा धरल्यावर शिंगल फाडल्याशिवाय तो खिळा कोणालाही पाहता येत नाही.